आमचा ओरखडा, त्यांचा ओरखडा

मोटार आपल्या मालकीची असावी असे मला आयुष्यात कधी वाटले नाही. माहीमला राहणाऱ्या माणसाला तसे वाटण्याचे कारणही नाही. घरातून बाहेर पडले की लेडी जमशेटजी रोडवर बस मिळते, दहा मिनिटे चालले की स्टेशन येते, आणि मोटार घेतलीच तर ठेवायची कुठे? आमच्या इमारतीच्या आवारात सात मोटारींची जागा आहे आणि मोटारी अकरा आहेत. रोज रात्री दहानंतर तेथे जे संवाद चालतात, ते गॅलरीतून ऐकून माझी विरक्ती अधिकच दृढ झाली होती.

म्हणून २०२५ च्या मे महिन्यात आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला जायचे ठरले, तेव्हा चिरंजीवांनी भाड्याची मोटार काढली. चालक नाही, मोटार त्यांची, चालवायची आपण.

“बाबा, हल्ली सगळे असंच करतात,” तो म्हणाला.

या वाक्यापुढे माझ्या वयाच्या माणसाने गप्प बसायचे असते. मी बसलो.

हा धंदा मला नवा वाटला होता, पण तो तसा नवा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ सालीच सरकारने भाड्याच्या मोटारींची योजना काढली होती. परवाना हवा असेल तर निदान ५० मोटारी बाळगाव्या लागतात. अशा मोटारीची ओळख म्हणजे तिची नंबराची पाटी काळी असते आणि अक्षरे पिवळी. ही पाटी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती कामी येणार आहे.

मोटार वांद्र्याहून आणायची होती. माहीमची खाडी ओलांडताना मला नेहमी त्या अवाबाई जमशेटजी आठवतात, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर मी इतकी वर्षे भाजी आणतो आहे. सरकार पैसे देईना म्हणून या बाईंनी खाडीवरच्या रस्त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि अट एवढीच घातली की येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. त्या रस्त्यावरून मी ज्या मोटारीत बसून आलो, तिच्या करारपत्राला तेवीस पाने होती आणि प्रत्येक पानावर कसला ना कसला आकार होता. ही तेवीस पाने चिरंजीवांनी मोबाईलवर अंगठ्याने सरसर वर लोटली आणि ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवले. चौतीस वर्षे मी एका सरकारी कचेरीत हिशेब तपासले. व्हाउचर नाही तर खर्च नाही, हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले आहे की निरोपसमारंभात एकाने माझी नक्कल म्हणून तेच म्हणून दाखवले. असा मी, शेजारी बसून तो प्रकार पाहत होतो आणि एक अक्षर बोललो नाही.

मोटार इमारतीखाली उभी राहिली आणि सौभाग्यवती तबक घेऊन खाली उतरल्या. भाड्याची असली तरी मोटार मोटारच, आणि कोकणातला घाट घाटच, असे हिचे म्हणणे. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. सात वर्षांची आमची नात पुढे उभी राहिली आणि सूनबाईंनी तिचे फोटो काढले. पहाटेचे सव्वासहा वाजले होते. मला घाई झाली होती. असल्या गोष्टींत वेळ घालवतात म्हणून मी कुरकुरलोही. ते माझे शब्द मी पुढे बिनशर्त मागे घेतले.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. माणगाव, मंडणगड करीत आम्ही पोहोचलो, दर्शन झाले, आमरस झाला. एकच गोष्ट सांगितली पाहिजे. परतायच्या दिवशी एका अरुंद पाखाडीतून मोटार मागे घेताना उजवीकडचा मागचा दरवाजा जांभ्याच्या गडग्याला घासला. वीतभर लांबीचा ओरखडा उठला आणि त्यात तांबडी माती भरली. चिरंजीव उतरून बघून आले.

“मोटार देताना सांगून टाकू,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी ते सांगितलेही. मोटार ताब्यात घेणाऱ्या मुलाने दरवाजाकडे पाहिले, मोबाईलवर काहीतरी टिपले आणि म्हणाला, “ठीक आहे सर.”

हे ‘ठीक आहे सर’ आम्हाला बावीस हजार चारशे रुपयांना पडणार होते.

तीन दिवसांनी हिशेब आला. पुढचा बंपर बदलला, ९,४०० रुपये. रंग आणि मजुरी, ४,२००. दुरुस्तीसाठी मोटार चार दिवस उभी राहिली, त्याचे बुडालेले भाडे ७,६००. प्रशासकीय खर्च १,२००. त्यातून अनामत ठेवलेले ५,००० वजा जाता बाकी १७,४०० रुपये आठ दिवसांत भरावेत. दरवाजाचा उल्लेखच नव्हता! जो ओरखडा आम्ही केला आणि कबूल केला, तो त्यांना दिसला नाही. आणि ज्या बंपरला आमचा हात लागला नाही, तो आमच्यामुळे बदलला.

चिरंजीवांनी फोन केला तर यंत्र बोलले. पत्र पाठवले तर ‘तुमची तक्रार आम्हाला मोलाची आहे’ असे यंत्राचेच उत्तर आले. जून उलटला, पाऊस सुरू झाला आणि प्रकरण मिटले असे आम्ही समजून चाललो. मिटले नव्हते. ते वसुलीवाल्यांकडे गेले होते.

पहिला फोन रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. माझ्याच मोबाईलवर, कारण मोटार माझ्या नावावर घेतली होती; ज्येष्ठ नागरिकाला काही सवलत होती म्हणे. “सतरा हजार चारशे कधी भरताय?” नमस्कार नाही, नाव नाही. दुसऱ्या दिवशी तीन फोन. तिसऱ्या दिवशी सात. कधी हिंदीत, कधी मराठीत, कधी गोड, कधी तिखट. “पोलीस केस होईल.” “तुमचं सिबिल खराब होईल, मुलाला कर्ज मिळणार नाही.” मी बाजारात असलो तरी फोन, देवळात असलो तरी फोन. रात्री झोपेत तो वाजल्याचा भास होऊन मी उठून बसू लागलो.

तगादा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तो अंगाला कसा चिकटतो हे तेव्हा कळले. जुन्या काळी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून उपाशी बसत असे. निदान त्यात त्यालाही उपास घडे! आता बसणाऱ्याला काही सोसावे लागत नाही.

हे सारे मी एखादे वेळी निभावले असते. पण एका संध्याकाळी साताऱ्याहून आमच्या व्याह्यांचा फोन आला. करारपत्रात ‘अडीअडचणीला कळवायचा दुसरा नंबर’ म्हणून चिरंजीवांनी आपल्या सासऱ्यांचा नंबर घातला होता, आणि वसुलीवाल्यांनी तो फिरवला होता. व्याही अतिशय सज्जन. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते घुटमळले, आणि हळूच म्हणाले, “एक विचारू का? राग मानू नका. काही अडचण असेल तर संकोच करू नका. आपण काही परके नाही. सतरा-अठरा हजारांचं एवढं काय!”

वाचकहो, शिवी दिली असती तर मी सहन केली असती. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि हिला म्हटले, “उद्या सकाळी पैसे भरून टाकतो. सुनेच्या माहेरी आपण कर्जबुडवे ठरलो. सतरा हजारांपेक्षा अब्रू मोठी.”

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दरवाजाचे द्या. बंपरचे का?”

“अगं, पण व्याही...”

“व्याह्यांना मी सांगते. न केलेल्याचे पैसे भरलेत तर उद्या त्यांना काय सांगाल? केलं होतं म्हणून भरले, असंच ना?”

यावर मला उत्तर सुचले नाही. पण धीरही आला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, फोन वाजला तेव्हा तो नातीच्या हाताशी होता. मी खुणेने तिला जवळ बोलावले आणि कानात सांगितले, “सांग, आजोबा घरी नाहीत.”

आणि सांगितल्यासरशी माझ्या पोटात गोळा आला, कारण हे वाक्य माझे नव्हते. ते माझ्या आजोबांचे होते.

आजोबा परळला गिरणीत होते. लालबागच्या चाळीत एक खोली, आणि आजीच्या आजारपणात पठाणाकडून काढलेले कर्ज. पठाणी व्याज ही आता आपल्या भाषेतली म्हण झाली आहे, पण तेव्हा तो दरमहाचा अनुभव होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराबाहेर सावकार उभे असत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात त्यांची दखल घेतली आणि कारखान्याला असा वेढा घालून वसुली करणे हा गुन्हा ठरवावा असे सुचवले. अहवाल आपल्या जागी राहिला; पठाण काठी घेऊन चाळीचा जिना चढतच राहिला. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. आजोबा दाराआड उभे राहत आणि वडिलांना पुढे करीत. “बाबा घरी नाहीत.” वडील मला ही गोष्ट फक्त एकदा बोलले, तेही सत्तरी उलटल्यावर. म्हणाले, “त्याला ठाऊक असायचं की बाबा आत आहेत. तो माझ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. बाबांची नाही, माझी.”

नातीने फोन कानाला लावला होता. ती म्हणाली, “आजोबा आहेत. पण त्यांना तुमची भीती वाटते.”

मी तिच्या हातून फोन घेतला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग एक कोवळा, मराठी आवाज आला, “काका, ते सतरा हजारांचं...” मुलगा बावीस-तेवीसचा असावा.

“नाव सांगा,” मी म्हटले. कचेरीतला आवाज किती दिवसांनी घशातून निघाला! “तुमचं नाव, संस्थेचं नाव, पत्ता. आणि बंपर बदलल्याचं बिल आहे तुमच्याकडे?”

“काका, मला फक्त यादी येते. नाव, रक्कम आणि नंबर.”

“म्हणजे व्हाउचर नाही.”

“काय नाही?”

“काही नाही. ज्यांनी यादी दिली त्यांना सांगा, यापुढे लेखी बोलू. आणि साताऱ्याला पुन्हा फोन करायचा नाही.”

त्या रात्री मी, ही, चिरंजीव आणि सूनबाई जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. घराला इतके दिवसांनी काही काम मिळाले होते. सूनबाईंनी निघतानाचे फोटो काढले. नात, माळ, स्वस्तिक. आणि डाव्या चाकाखालच्या लिंबाच्या वर, बंपरवर, एक तिरपा, टोकाशी आकड्यासारखा वळलेला ओरखडा! फोटोवर वेळ होती सहा वाजून सतरा मिनिटे. माहीमहून मोटार हलण्याच्या आधीची.

हिची हुशारी मला नवी नव्हती. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशींनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे आमच्या भागातल्या बायकांनी मिळून तिच्यात संघ काढला, त्यात ही अनेक वर्षे होती. महिन्याचा माल एकत्र मागवायचा, वाटून घ्यायचा, वजन आणि हिशेब प्रत्येकीने पाहायचा. मी कचेरीत लाखांचे हिशेब तपासत होतो तेव्हा ही घरी तुरीच्या डाळीचे तपासत होती, आणि तिच्या हिशेबात चूक निघाल्याचे मला आठवत नाही.

मग मी वाचायला बसलो. तेवीस पाने वाचली, कायदाही चाळला. १८७२ चा करार कायदा अजून लागू आहे. त्याचे ७४ वे कलम असे की, करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी पदरात पडते ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या आकड्याच्या आतली. पोलिसांचे म्हणाल तर हा दिवाणी वाद. रक्कम देणे आहे की नाही हे ठरवणार न्यायालय, फोनवाला नव्हे. सिबिलची धमकीही पोकळ होती. २००५ च्या कायद्याप्रमाणे तेथे माहिती पाठवतात त्या बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था. आणि मोटारीच्या ओरखड्याचा वाद म्हणजे कर्ज नव्हे. रात्री-अपरात्रीच्या फोनांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२२ साली आपल्या बँकांना बजावले आहे की वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी नाहीत, संध्याकाळी सातनंतर नाहीत, आणि नातलगांना, मित्रांना त्रास नाही. मोटार भाड्याने देणारी कंपनी बँक नाही, त्यामुळे हा नियम तिला सरळ लागत नाही. आमच्या हुशार चिरंजीवांनी तो पत्रात घालायला सांगितले होते. मी घातला नाही. जे आपल्या बाजूचे नाही ते कागदावर लिहिले की जे आहे तेही पातळ होते. ज्या गोष्टीसाठी आजोबा दाराआड लपत, ती, म्हणजे वसुलीसाठी ऋणकोला छळणे, १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने गुन्हा ठरवली आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ती तशीच आहे. पण तेही सावकारांपुरते. तेही घातले नाही, मनाला फार वाटत होते तरी.

पत्र दीड पानाचे झाले. आरंभीच लिहिले की उजव्या मागच्या दरवाजाचा ओरखडा आमचा आहे, त्याचे शिक्क्याचे बिल पाठवावे, आम्ही देऊ. चिरंजीव म्हणाले, “बाबा, ते विसरलेत, आपण का आठवण करून देताय?” यावर त्यांच्या आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर तो मुद्दा पुन्हा निघाला नाही. बंपरबद्दल पहाटेचा फोटो जोडला. जुना बंपर कुठे आहे, नव्याचे बिल कुणाचे, विमा कंपनीकडून काही घेतले आहे का, आणि मोटार चार दिवस उभी होती याला आधार काय, एवढे विचारले. उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ असे लिहिले. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तेथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी पडत नाही. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. माझ्या आयुष्यातले ते बहुधा शेवटचे रजिस्टर पत्र. त्याच वर्षी पोस्टाने ती सेवा स्पीड पोस्टात मिळवून टाकली. ग्राहकांच्या १९१५ या राष्ट्रीय दूरध्वनीवरही तक्रार नोंदवली. ते काही निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीपुढे ठेवतात, आणि यंत्राच्या जागी माणूस बोलू लागतो.

माणूस बोलू लागला. बंपर चौदा मे रोजी बदलला आहे, आमच्या नोंदीत तसे आहे, असे तो शांतपणे सांगत राहिला. बिल मात्र येईना. आठवडा गेला, दुसरा गेला.

आणि जुलै संपता संपता, एका मंगळवारी, ही शितळादेवीच्या देवळातून बाहेर पडली. पाऊस धो धो कोसळत होता. वाहने अडून उभी होती. त्यात समोर एक काळी पाटी, पिवळी अक्षरे. नंबर हिच्या तोंडपाठ होता. आमच्या मोटारीच्या, म्हणजे त्यांच्या मोटारीच्या, बंपरवर तो तिरपा, टोकाशी वळलेला ओरखडा जसाच्या तसा होता. हिने छत्री मानेत धरली, पिशवीतून मोबाईल काढला आणि तीन फोटो घेतले. आत बसलेल्या तरुण जोडप्याला काय वाटले असेल कोण जाणे. त्यांना हाक मारून ‘निघण्याआधी फोटो काढलात ना’ असे विचारावेसे हिला वाटले होते, तेवढ्यात वाहने हलली.

ते फोटो पाठवल्यावर सहा दिवसांत पत्र आले. नोंदीत ‘अनवधानाने’ चूक झाली होती. बंपर, रंग, बुडालेले भाडे आणि प्रशासकीय खर्च, सगळे रद्द. दरवाजाचे २,६०० रुपयांचे बिल आले, गॅरेजच्या शिक्क्यासह. तुळशी पाइप रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याला मी ते दाखवले. तो म्हणाला, मी दोन हजारांत केले असते, पण बिल खोटे नाही. ते मी मान्य केले आणि अनामतीपैकी २,४०० रुपये परत आले. हिने साताऱ्याला फोन करून सगळे सविस्तर सांगितले, दरवाजासकट.

यादी मात्र यंत्रातून लगेच निघत नाही. आणखी पंधरा दिवस फोन येत राहिले. मी प्रत्येक वेळी स्वतः घेत होतो. शेवटचा त्याच कोवळ्या आवाजाचा.

“काका, तुमचं प्रकरण बंद करायला सांगितलंय. कारण काय लिहू?”

“खरं ते लिहा. देणं नव्हतं.”

“तसा रकाना नाही, काका. ‘पैसे भरले’ आहे, ‘भरणार’ आहे, ‘नंबर चुकीचा’, आणि ‘मयत’.”

“मयत नको.”

“नाही, नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “शेवटी ‘इतर’ आहे. त्यात टाकतो.” मग फोन ठेवता ठेवता थांबला. “काका, त्या दिवशी ती लहान मुलगी बोलली होती ना, तिला सांगा, मी तसा नाही.”